परतीचे तिकीट

फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईच्या नौसैनिकांनी सरकारपुढे ठेवलेल्या मागण्यांची यादी आपल्याकडच्या अनेक पुस्तकांत सापडते. आझाद हिंद सेनेच्या सैनिकांना सोडा, राजकीय कैद्यांची सुटका करा, इंडोनेशियातून आणि इजिप्तमधून हिंदी फौजा मागे घ्या, या मागण्या आपण वाचतो आणि बहुधा तिथेच थांबतो. यादी मात्र पुढे चालू राहते. जेवण चांगले मिळावे, पगार आणि कुटुंबभत्ता ब्रिटिश नाविकांच्या बरोबरीचा असावा, नाविकांना नोकरीतून लवकर मोकळे करावे, अशी कलमे त्यात आहेत. त्यांच्याच सोबत एक छोटे कलम आहे: नोकरीतून मोकळे करताना दिलेले कपडे परत मागून घेऊ नयेत.

साम्राज्याला हादरा देणाऱ्या उठावाच्या यादीत कपड्यांचे काय काम, असे कुणालाही वाटेल. इतिहासलेखकांनीही या कलमाकडे फारसे लक्ष दिलेले नाही. मला ते महत्त्वाचे वाटते, कारण ते लिहिणाऱ्याच्या नजरेसमोर एक ठरावीक दिवस होता. लढाई संपली आहे, नोकरी संपली आहे आणि आता घरी जायचे आहे. त्या दिवशी आपण कोणत्या कपड्यांत, कोणाच्या खर्चाने आणि कोणत्या मानाने घरी पोहोचणार, हा प्रश्न त्या कलमात आहे. हाच प्रश्न हाती धरून समुद्रावर चाकरीला गेलेल्या माणसांच्या परतीच्या वाटेचा मागोवा घेतला, तर १९४६ चा उठावही थोडा वेगळा दिसू लागतो.

हमी आणि बंदी

खलाशाला घरी परत पोहोचवण्याची जबाबदारी कायद्याने ठरवण्याची सुरुवात आरमारापासून नव्हे, व्यापारी जहाजांपासून झाली. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात हिंदुस्थानातून विलायतेला जाणाऱ्या जहाजांवर लास्कर भरती होत. त्यांत कोकणी, गुजराती, गोवेकर, बंगाली असे सगळे असत. जाताना त्यांची गरज असे. परतीच्या सफरीला मात्र जहाजावर गोरे खलाशी घेतले जात आणि हे लास्कर लंडनच्या गोदीच्या आसपास कडाक्याच्या थंडीत दिवस काढत. १८२३ च्या ब्रिटिश कायद्याने लास्करांना मायदेशी परत पाठवण्याचा भार जहाजमालकांवर टाकला. १८५७ मध्ये लंडनच्या लाइमहाऊस भागात अशा परदेशी खलाशांसाठी 'स्ट्रेंजर्स होम' हे वसतिगृह उघडले. तिथून त्यांना परतीच्या जहाजावर काम मिळवून दिले जाई.

हे वाचताना कायदा दयाळू वाटतो. पण त्याला दुसरी बाजू होती. परत पाठवण्याची सक्ती म्हणजे तिथे राहण्याची जवळजवळ बंदीच. लास्करांच्या करारांत त्यांना हिंदुस्थानातल्याच बंदरावर मोकळे करण्याची अट असे, म्हणजे विलायतेच्या बंदरात नोकरी सोडून तिथल्या पगारावर दुसरे जहाज धरण्याची वाट बंद होई. एकच कलम खलाशाला घरी आणत होते आणि त्याची मजुरी स्वस्तही ठेवत होते.

पुढे १९२६ मध्ये आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने खलाशांना मायदेशी परत पाठवण्याविषयीचा करार जिनिव्हात मंजूर केला. परदेशी बंदरात उतरवलेल्या खलाशाला परत नेण्याचा खर्च त्याच्यावर पडू नये, हे त्याचे सूत्र होते. करार कोणत्या जहाजांना लागू नाही हे त्यात आरंभीच सांगितले आहे. त्या यादीत युद्धनौका आहेत आणि 'हिंदी देशी गलबते' यांचाही नाव घेऊन उल्लेख आहे. म्हणजे कोकण किनाऱ्यावरचा मचव्यावरचा, पडावावरचा खलाशी या कराराबाहेर आणि आरमारात गेलेला त्याचा भाऊही बाहेर. आरमारी माणसाची परतीची वाट ही सरकारी शिस्तीची आणि मर्जीची बाब राहिली.

देवळालीचा मुक्काम

मुंबई हे गोऱ्या माणसांचेही घरी जाण्याचे बंदर होते. शिडाच्या जहाजांच्या काळात इथून केप ऑफ गुड होपला वळसा घालून इंग्लंड गाठायला चार-सहा महिने लागत. मार्च १८३० मध्ये मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट सुएझकडे निघाली आणि सुमारे महिनाभरात पोहोचली. ही बोट कंपनीच्या मुंबईतल्या आरमाराची होती. पुढचा टप्पा उंटांवरून आणि नाईल नदीतून अलेक्झांड्रियापर्यंत, मग पुन्हा जहाज. टपालाला आणि अधिकाऱ्यांना घर जवळ आले. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाल्यावर मुंबई ते इंग्लंड हा प्रवास तीन-साडेतीन आठवड्यांवर आला.

ब्रिटिश आरमाराची या समुद्रातली जहाजे बरीच वर्षे इकडेच राहत आणि माणसे बदलत. दोन-अडीच वर्षांची पाळी संपली की नवे खलाशी प्रवासी जहाजाने येत आणि जुने त्याच जहाजाने परत जात. जहाजच मायदेशी निघाले तर डोलकाठीवर लांबच लांब अरुंद निशाण लावण्याची प्रथा होती. दूर किती दिवस काढले त्या हिशेबाने निशाणाची लांबी ठरे. घरी निघालो हे भर समुद्रात सगळ्यांना दिसावे, अशी ती रीत.

पायदळाच्या गोऱ्या सैनिकांची परतीची वाट नाशिकजवळच्या देवळालीवरून जाई. मुदत संपलेल्यांना तिथल्या छावणीत आणून ठेवत. फौजेची जहाजे साधारण थंडीच्या महिन्यांतच सुटत. ज्याची मुदत मार्च उलटल्यावर संपली, त्याला उन्हाळा आणि पावसाळा तिथेच काढावा लागे. काम नाही, लढाई नाही आणि घरही नाही. या रिकाम्या मुक्कामात माणसे इतकी सैरभैर होत, की देवळालीच्या नावावरून इंग्रजीत 'डुलॅली' हा डोके फिरल्यासाठीचा शब्दच तयार झाला. परतीची वाट पाहणे ही काय चीज असते, हे ब्रिटिश सरकारला आपल्या माणसांवरून पुरते ठाऊक होते.

गोदी ते गाव

हिंदी नाविकाची गोष्ट वेगळी, कारण त्याचे मायदेशातले बंदर आले तरी घर आलेले नसे.

मुंबईतल्या या आरमाराची नावे बदलत गेली. बॉम्बे मरीन, इंडियन नेव्ही, रॉयल इंडियन मरीन आणि ऑक्टोबर १९३४ पासून रॉयल इंडियन नेव्ही. नावे बदलली तरी दुसऱ्या महायुद्धापर्यंत त्याच्या डेकवरच्या माणसांत रत्नागिरी जिल्ह्याचा वाटा मोठा राहिला. त्यातही खाडीकाठच्या कोकणी मुसलमान घरांतली मुले पिढ्यान् पिढ्या या चाकरीत जात. मनीऑर्डरवर चालणारा जिल्हा ही रत्नागिरीची ओळख गिरणी कामगारांमुळे झाली खरी, पण त्या मनीऑर्डरींत समुद्रावरच्या पगाराचाही हिस्सा होता.

आरमारी माणूस साधारणपणे आपल्या जहाजाबरोबरच परते. पण युद्धाच्या काळात नवी जहाजे ब्रिटनमध्ये आणि ऑस्ट्रेलियात बांधली जात होती. तेव्हा नाविक दुसऱ्या जहाजावरून प्रवासी म्हणून तिकडे जात आणि आपले नवे जहाज घेऊन घरी येत. अशा परतीच्या वाटेवरची सर्वांत गाजलेली घटना 'बेंगॉल' या छोट्या सुरुंगशोधक जहाजाची. ऑस्ट्रेलियात बांधलेले हे जहाज 'ओन्दिना' या डच तेलवाहू जहाजाला सोबत करत फ्रीमँटलहून दिएगो गार्सियाकडे निघाले होते. ११ नोव्हेंबर १९४२ रोजी त्यांना दोन मोठ्या जपानी जहाजांनी गाठले. 'बेंगॉल'वर एकच लहानशी मुख्य तोफ होती. तरी ते पळाले नाही. त्या चकमकीत 'होकोकू मारू' हे जपानी जहाज बुडाले आणि मार खाल्लेले 'बेंगॉल' कोलंबोला पोहोचले. त्यावरच्या नाविकांची या जहाजावरची ही पहिलीच सफर होती, आणि ती घराकडची होती.

आता मुंबईच्या गोदीत उतरलेल्या रत्नागिरीच्या नाविकाचा विचार करू. जहाज बांधून झाले, खाडाखोड झालेले पगारपुस्तक आणि सुट्टीचा कागद हातात मिळाला, किटबॅग खांद्यावर घेतली. सरकारी नोकराच्या प्रवासाची त्या काळातली सोय म्हणजे रेल्वेचे वॉरंट. झेलमच्या किंवा मलबारच्या माणसाला ते आपल्या मुलखाच्या स्टेशनापर्यंत नेई. कोकणात रेल्वेच नव्हती. ती पूर्णपणे सुरू व्हायला जानेवारी १९९८ उजाडावा लागला. त्यामुळे हजारो मैलांचा समुद्र पार करून आलेला माणूस भाऊच्या धक्क्यावर येऊन पुन्हा एका बोटीची वाट पाहत उभा राही.

ही किनाऱ्याची आगबोट चाकरमान्यांची होती. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले असे थांबे घेत ती जाई. बहुतेक ठिकाणी बोट धक्क्याला लागतच नसे. समुद्रात नांगर टाकून ती उभी राही आणि किनाऱ्यावरून पडाव येत. हलत्या बोटीतून हलत्या पडावात उतरायचे, सामान वरून झेलायचे आणि शेवटी गुडघाभर पाण्यातून वाळूवर पाय ठेवायचा. म्हातारी माणसे आणि लेकुरवाळ्या बाया जीव मुठीत धरून उतरत. आरमारातल्या माणसाला त्याचे काही वाटत नसावे, पण सरकारी नोंदीत त्याचा प्रवास मुंबईलाच संपलेला असे. वाळूवरून गावापर्यंतची चाल तर कुणाच्याच हिशेबात नव्हती.

पावसाळ्यात तीही सोय नसे. मे अखेरीला बोटी बंद होत, त्या समुद्र शांत झाल्यावर नारळी पौर्णिमेनंतर हळूहळू सुरू होत. मधल्या काळात सुट्टी मिळाली तर बोरीबंदरहून पुणे, मिरज, कोल्हापूर अशी रेल्वे आणि मग आंबा घाट उतरून रत्नागिरी, असा द्राविडी प्राणायाम करावा लागे. बोटीचा प्रवास हंगामातही निर्धोक नव्हता. नोव्हेंबर १९२७ च्या वादळात 'तुकाराम' आणि 'जयंती' या बोटी बुडाल्या. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. दूरच्या समुद्रावरून परत येणारा माणूस घराजवळच्या पाण्यात सुरक्षित असेलच, याची खात्री कुणी देत नव्हते.

मछलीमार

महायुद्धाने या आरमाराचा आकार पार बदलला. १९३९ मध्ये त्यात अधिकारी आणि नाविक मिळून दोन हजारांहून कमी माणसे होती. १९४५ पर्यंत ही संख्या तीस हजारांच्या घरात गेली. जुनी रत्नागिरी-पंजाबची चौकट मोडली आणि मद्रास, बंगाल, आसामपर्यंतची शिकलेली मुले आली. त्यांना शिकवण्यासाठी आणि ठेवण्यासाठी मुंबईच्या उपनगरांत तळ उभे राहिले. हे तळ जमिनीवर असले तरी त्यांना जहाजांसारखीच नावे असत. मार्व्याला 'हमला', ठाण्याजवळ कोलशेतला 'अकबर', माहुलला बिनतारी केंद्र आणि आमच्या अंधेरीच्या पश्चिमेला वर्सोव्यात 'मछलीमार'.

'मछलीमार' हे नाव कोळीवाड्याशेजारी शोभणारे, पण तिथे शिकवली जात होती पाणबुडीची शिकार. पाण्याखालच्या आवाजावरून पाणबुडी कुठे आहे ते ओळखणे आणि तिचा पाठलाग करणे, हे तिथले शिक्षण. तळापासून अंधेरी स्टेशन तीन-चार मैलांवर. मधे खाजण, भातखाचरे आणि वाड्या. चर्चगेट ते बोरिवली विजेची गाडी १९२८ पासून धावत होती. वर्सोव्याच्या मुलांना शहरात जायचे म्हणजे अंधेरीची लोकल, मार्व्याच्या मुलांना मालाडची.

ऑगस्ट १९४५ मध्ये युद्ध संपले आणि सगळ्यांना एकाच वेळी घरी जायचे होते. जहाजे कमी, कागदपत्रे फार. मुंबईत नाविकांना नोकरीतून मोकळे करण्यासाठी 'काकौरी' नावाचे केंद्र होते. १९४६ च्या फेब्रुवारीत तिथे चौदाशेच्या वर नाविक होते. शाळा सोडून भरती झालेली ही मुले. भरतीच्या वेळी त्यांना पगाराची, शिक्षणाची, युद्धानंतरच्या नोकरीची स्वप्ने दाखवलेली. आता हातात काय पडणार, तर थोडी बक्षिसी आणि गावचे तिकीट. वर किटमधले कपडे जमा करायचे.

इथे ब्रिटिश सैनिकांशी तुलना टाळता येत नाही. युद्धानंतर मोकळ्या होणाऱ्या ब्रिटिश सैनिकाला सरकारकडून साध्या कपड्यांचा पूर्ण जोड मिळे. कोट, पँट, शर्ट, टाय, हॅट, बूट आणि रेनकोट. नागरिक म्हणून घरात पाऊल टाकताना तो नव्या कपड्यांत असावा, हा त्यामागचा विचार. तरीही त्यांचाही धीर सुटलाच. जानेवारी १९४६ मध्ये कराचीजवळच्या ड्रिग रोडच्या तळावर रॉयल एअर फोर्सच्या ब्रिटिश जवानांनी घरी पाठवण्यास होणाऱ्या दिरंगाईविरुद्ध काम थांबवले आणि हे लोण इतर तळांवर पसरले. घरी जाऊ द्या, या मागणीसाठी हिंदुस्थानात त्या वर्षी पहिला संप केला तो गोऱ्यांनी. पुढच्याच महिन्यात मुंबईत जे घडले, त्याला ही पार्श्वभूमी होती.

१८ फेब्रुवारीला कुलाब्याच्या 'तलवार' या दळणवळण प्रशिक्षण केंद्रात नाविकांनी जेवण नाकारून काम बंद केले. दुसऱ्या दिवशी गोदीतली जहाजे आणि उपनगरांतले तळ त्यात आले. एम. एस. खान अध्यक्ष आणि मदन सिंग उपाध्यक्ष असलेली मध्यवर्ती समिती झाली आणि मागण्या लिहिल्या गेल्या. पुढच्या दिवसांत ७८ जहाजे, २० तळ आणि सुमारे २०,००० नाविक उठावात होते. २१ तारखेला कॅसल बॅरॅक्समध्ये गोळीबार झाला. २२ ला नाविकांना पाठिंबा म्हणून मुंबई बंद राहिली आणि लष्कराने रस्त्यांवर गोळ्या चालवल्या. परळला कमल दोंदे त्यात मारल्या गेल्या. शहरात मृतांचा आकडा दोनशेच्या वर गेला. वल्लभभाई पटेलांच्या सल्ल्यावरून २३ च्या सकाळी नाविकांनी शस्त्रे ठेवली.

या पाच दिवसांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला एवढेच म्हणायचे आहे, की राजकीय मागण्या आणि किटची मागणी यांना दोन वेगळ्या खणांत टाकू नये. इंडोनेशियातून हिंदी फौजा परत आणा, ही मागणीसुद्धा अखेर आपल्या माणसांना घरी आणण्याचीच मागणी होती. दुसऱ्याच्या साम्राज्यासाठी किती काळ परक्या मुलखात राहायचे, हा प्रश्न दोन्हींत एकच आहे. सर सय्यद फझल अली यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या चौकशी आयोगापुढेही जेवण, राहण्याची सोय, वागणूक यांच्याबरोबर सेवामुक्ती आणि पुढच्या नोकरीची तक्रार सतत येत राहिली.

मुलुंडची छावणी

उठावानंतर पुढारी समजल्या गेलेल्या नाविकांना मुलुंडच्या छावणीत कोंडले. उपनगरांच्या एका टोकाला वर्सोवा आणि मार्वे, दुसऱ्या टोकाला मुलुंड, अशी ही गोष्ट आजच्या मुंबईकराच्या रोजच्या प्रवासाच्या नकाशातच घडली. एकूण ४७६ नाविकांना नोकरीतून काढून टाकण्यात आले. आता घरी जायचे होते, पण सेवा पुरी करून नव्हे, काढून टाकलेला माणूस म्हणून.

स्वातंत्र्य दीड वर्षावर आले होते. ते आले, आरमाराची वाटणी झाली. 'सतलज', 'जमना', 'कृष्णा', 'कावेरी' भारताकडे आणि 'नर्मदा', 'गोदावरी' पाकिस्तानकडे गेल्या. कित्येक नाविकांच्या घराची दिशाच बदलली. पण काढून टाकलेल्यांना ना या आरमाराने परत घेतले, ना त्या. 'तलवार'च्या भिंतींवर घोषणा रंगवणारे बलाई चंद्र दत्त मूळचे बंगालचे. त्यांनी पुढे मुंबईतच 'फ्री प्रेस जर्नल'मध्ये पत्रकारिता केली आणि १९७१ मध्ये उठावावरचे आपले पुस्तक प्रसिद्ध केले. सगळ्यांच्या वाट्याला असे शहर आणि अशी लेखणी आली नाही.

याच्या उलट चित्र २८ फेब्रुवारी १९४८ चे. सॉमरसेट लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन, म्हणजे हिंदुस्थानातली शेवटची ब्रिटिश पलटण, गेट वे ऑफ इंडियाच्या कमानीतून संचलन करत बोटीकडे गेली. सलामी झाली, बँड वाजला, चांदीची गेट वेची प्रतिकृती भेट दिली गेली आणि 'एम्प्रेस ऑफ ऑस्ट्रेलिया' त्यांना घेऊन निघाली. पाहुण्याला मानाने निरोप देणे ही आपली रीत, त्यात वावगे काही नाही. पण याच किनाऱ्यावरून, दोन वर्षांपूर्वी, आपल्या मुलांना कसे घरी पाठवले गेले होते, ते त्यासोबत आठवायला हवे.

त्याच वर्षी १६ सप्टेंबरला 'दिल्ली' ही युद्धनौका इंग्लंडहून मुंबईत आली. १९६१ मध्ये ३ नोव्हेंबरला 'विक्रांत' आली. नाविक तिकडे जाऊन जहाज घेऊन परत येण्याची जुनीच रीत, पण आता ते स्वतःच्या देशाच्या निशाणाखाली येत होते आणि धक्क्यावर पंतप्रधान स्वागताला होते. कॅसल बॅरॅक्सच्या जागेतल्या 'डलहौसी' तळाचे नाव १९५१ मध्ये 'आंग्रे' झाले. उठावाचे स्मारक कुलाब्यात उभे राहिले आणि नौदलाने आपल्या दोन टग बोटींना मदन सिंग आणि बी. सी. दत्त यांची नावे दिली. उशिरा का होईना, नावे परत आली.

न परतलेले

मस्जिद बंदर भागातल्या इंडियन सेलर्स होममध्ये दोन्ही महायुद्धांचे स्मारक आहे. पहिल्या युद्धात समुद्राशिवाय दुसरे थडगे न मिळालेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांची स्मृती तिथे जपली आहे. दुसऱ्या युद्धाच्या नोंदवह्यांत रॉयल इंडियन नेव्हीचे सुमारे ४०० नाविक आहेत आणि व्यापारी जहाजांवरचे जवळपास ६,००० खलाशी. गोदीपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर या नोंदी आहेत, पण कोकणातल्या ज्या गावांतली ही माणसे, तिथून त्या पाहायला क्वचितच कुणी येते.

व्यापारी खलाशाच्या परतीचा हक्क आज बराच पक्का झाला आहे. २००६ चा सागरी कामगार करार भारताने २०१५ मध्ये मान्य केला, त्यानुसार खलाशाला घरी पोहोचवण्याचा खर्च मालकाचा. युद्धनौका याही कराराबाहेरच आहेत. तिथे कायद्याच्या जागी अजूनही सरकारचा शब्द चालतो. तो शब्द पाळला जातो की नाही, हे माणसाला घेऊन जाताना कळत नाही, परत पाठवताना कळते. १९४६ च्या यादीतले कपड्यांचे कलम लिहिणाऱ्या तरुणांनी बक्षीस मागितले नव्हते. ज्या कपड्यांत आम्ही तुमची लढाई लढलो, त्या कपड्यांत आम्हाला गावच्या वेशीपर्यंत जाऊ द्या, एवढेच त्यांचे म्हणणे होते.